माळावरची सवत

सोनूबाई जन्मतःच हेवेखोर होती असं तिची सख्खी आई सांगायची, आणि आईच सांगते म्हटल्यावर आपण कोण वाद घालणार? सहा बहिणींत ही चौथी. थोरलीला नवं लुगडं आलं की हिचं पोट दुखायचं. धाकटी तापानं पडली आणि तिला गुळाचा सांजा मिळाला, तर ही दिवसभर स्वतःच्या कपाळाला हात लावून बघायची, आपलंही जरा तापलंय का म्हणून. मात्र पोटात एक आणि ओठात एक असला प्रकार नव्हता. ज्याचा हेवा वाटला त्याला ती तोंडावर सांगून मोकळी व्हायची, आणि सांगून झालं की निम्मं भांडण तिथंच मिटायचं. पुढं नातवंडं मांडीवर आली तरी तिचा हा गुण गेला नाही. अवगुण म्हणा हवं तर, मी गुणच म्हणतो. ज्याला कुणाचाच हेवा वाटत नाही त्याला कुणाचं काही पडलेलंही नसतं.

तिचं माहेर वऱ्हाडात, चिखलीच्या बाजूला. बाप मच्छिंद्र पाटील, घरी मळा, आणि पोटी एकही मुलगा नाही. म्हणून पोरांची कामं पोरींनीच उचललेली. शेतातल्या राखणीच्या माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत उडी टाकायची, बोरीच्या काट्यांत हात घालून नेमकं पिकलेलं बोर काढायचं, हे सोनूचं बालपण. पायाला भिंगरी लावल्यासारखी ती सकाळी घराबाहेर पडायची ती जेवायच्या हाकेलाच परतायची.

अशा पोरीचं लग्न ठरलं मोगलाईत. निजामाच्या मुलखाला तेव्हा वऱ्हाडातली माणसं मोगलाई म्हणायची, आणि खरं सांगायचं तर तो परदेशच होता. राजा वेगळा, रुपया वेगळा, कचेरीतली भाषा वेगळी. वैशाखात लग्न लागलं आणि वरात परत निघाली, तेव्हा सीमेवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गाडी अडवली. शिपायानं नवरीची पेटी उघडली, लुगडी एकेक करून बाहेर काढली आणि उजेडाकडं धरून पाहिली. सासरी कुणी बघायच्या आधी आपली नवी लुगडी या मिशाळ माणसानं पाहिली, याचाच सोनूबाईला पदराआड संताप आला. सासरे रामराव त्याच्याशी उर्दूत काही तरी बोलले, शिपाई हसला, पेटी मिटली आणि गाडी हलली. मागं इंग्रजांचं राज्य राहिलं आणि पुढं हसनाबादचा रस्ता लागला.

रामरावांचं घर खातंपितं, जमीनजुमल्याचं. सासू साळूबाई माळकरी, कडक, पण कजाग नाही. फक्त घराण्याची रीत ती डोळ्यात तेल घालून पाळायची, आणि रीत अशी, की नव्या सुनेनं वर्षभर तरी उंबरा ओलांडायचा नाही. पाणी गडी आणणार, सरपण गडी आणणार. सुनेनं जातं, चूल आणि देव्हारा एवढ्यात फिरायचं. वऱ्हाडात कोसभर धावणारी पोरगी इथं स्वयंपाकघरातून माजघरात आणि माजघरातून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायला लागली. त्यातून तिचं वऱ्हाडी ‘मले’ आणि ‘काहून’ ऐकून घर हसायचं. पण हे सगळं तिनं सोसलं असतं. बायका सोसतातच. तिला सोसवली नाही ती सवत.

सवत म्हणजे एक तितर.

नवरा भुजंग माणूस वाईट नव्हता. उंच, सावळा, बोलायला कमी. दारू नाही, पत्ते नाहीत, कुठं वाकडं पाऊल नाही. पण नाद म्हणून एक चीज असते, ती कुठून तरी शिरतेच. लग्नाच्या आदल्या वर्षी तो जालन्याला गेला होता, तिथं मस्तगडात एका शौकिनाकडं त्यानं तितरं पाहिली आणि एक पिल्लू मागून आणलं. त्याचं नाव नवाब. नवाबाला हातानं चारून वाढवलं, आणि आता तो भुजंगाचा श्वास झाला होता. पहाटे मशिदीत बांग झाली की भुजंग उठायचा, पिंजऱ्यावरचं फडकं सारखं करायचा, कमरेला खुरपं खोचायचा आणि माळाकडं चालू लागायचा. माळावर पोचला की पिंजऱ्याचं दार उघडायचा. आणि हे पाखरू, ज्याला देवानं पंख दिलेत, ते उडून न जाता भुजंगाच्या टाचेमागं तुरुतुरु धावायचं. भुजंग वारूळ उकरायचा, तिथली वाळवी, म्हणजे तिकडच्या बोलीत उधई, तळहातावर घेऊन पुढं धरायचा आणि म्हणायचा, “ये माझ्या राजा. ये नवाबा. खा, जल्दी न्हाई, सावकाश.”

हे सगळं सोनूबाईनं पाहिलेलं नव्हतं. तिला ते कळलं भुजंगाचा दोस्त कचरू याच्या तोंडून. कचऱ्याकडंही तितर होतं आणि तोही रोज माळावर जायचा. ओसरीवर बसून तो रामरावांना रंगवून सांगत होता आणि आत जात्याशी सोनूबाई कान देऊन ऐकत होती. तिच्या हातातला खुंटा थांबला. ‘राजा’ म्हणतो? ‘सावकाश’ म्हणतो? लग्नाला आठ महिने होत आले होते. चारचौघांत नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही हे तिला मान्य होतं, तशीच रीत माहेरीही होती. पण तिच्या वाट्याला आजवर ‘अगं’, ‘पाणी’ आणि ‘दिवा बारीक कर’ यापलीकडं फारसं काही आलं नव्हतं. सवत नर असू शकते हे तिला त्या दिवशी समजलं.

आणि मग तो पळसाच्या पानाचा प्रकार झाला. एके सकाळी भुजंग माळावरून आला तो हातात पानांचा पुडा घेऊन. स्वयंपाकघराच्या दाराशी आला, इकडंतिकडं पाहिलं आणि पुडा कोनाड्यात ठेवून गेला. सोनूबाईनं ते चुलीपासून पाहिलं. आठवडी बाजाराचा दिवस होता. पेढा असेल, नाहीतर अबोलीचा गजरा असेल. तिनं पदरात झाकून पुडा आत नेला, देवापुढं बसून हलक्या हातानं काडी काढली आणि पान उलगडलं, तर आतून उधई भराभरा तिच्या मनगटावर चढली. ती किंचाळली. साळूबाई धावत आली. भुजंगही धावत आला, पण बायकोच्या मनगटाकडं न बघता जमिनीवर गुडघे टेकून उधई गोळा करायला लागला. “अगं नवाबाची दुपारची होती ती! सांडलीस की सारी!”

साळूबाईला हसू आवरेना. रामराव ओसरीवरून विचारायला लागले, काय झालं, काय झालं. सोनूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशीच्या भाकरी करपल्या आणि तिनं त्या तशाच वाढल्या.

तिनं मनात धरलं ते हे. आपल्याला काही गजरा नको, पेढा नको. आपल्यालाही माळावर जायचंय. त्या पाखराला जे फुकट मिळतं ते आपल्याला मिळालं पाहिजे. नवऱ्यासंगं उघड्यावर चार पावलं चालायचं, बस्स. न्हाणीत गरम पाणी ओतता ओतता तिनं हळूच विषय काढला.

“मले बी न्या एक डाव माळावर.”

भुजंगानं तोंडावर पाणी मारलं. “तुला? अन् कशाला?”

“असंच. वारं लागंल अंगाला.”

“लोक काय म्हणतील? रामरावाचा पोरगा बायकोला माळावर फिरवून राह्यला म्हणतील.”

“अन् तितराला फिरवता तवा काय म्हणतात?”

“तितराला कोण नावं ठेवतं?”

“मंग मले पिंजऱ्यात घाला अन् न्या,” सोनूबाई म्हणाली.

भुजंग हसला. त्यानं हसायला नको होतं. बायको विनोद करते की जीव तोडून सांगते हे ज्याला कळत नाही तो नवरा पुढं हमखास ठेचकाळतो.

मग तिनं एक उपाय करून पाहिला. दुपारी सगळे शेतावर गेले की ती नवाबाच्या पिंजऱ्यावर घोंगडं टाकायची. अंधारात पाखरू गप्प बसतं. दोन-तीन दिवसांत नवाबाची बोली बंद झाली. भुजंग कासावीस झाला. शेतावर जायचं सोडून तो अख्खी दुपार पिंजऱ्यापाशी बसला, त्याच्या गळ्यावरून बोट फिरवत, “काय झालं माझ्या बापाला? कोणाची नजर लागली?” असं विचारत. जी दुपार कधी बायकोला मिळाली नाही ती त्या पाखराला मिळाली. सोनूबाईनं घोंगडं घडी करून ठेवून दिलं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेण्यात काय अर्थ होता?

पौषात कापूस घरात आला. तो सरकी काढायला जालन्याच्या जिनात न्यायचा होता, आणि तिथं गाड्यांची रांग लागली की किती दिवस मोडतील याचा नेम नसायचा. रामराव, भुजंग, गडी, सगळेच जाणार. नवाबाला न्यायची सोय नव्हती. धूळ, कापसाचे तंतू आणि जिनाचा खडखडाट यांनी तितर मुकं होतं. कचऱ्याकडं ठेवावं तर मन होईना, कारण दोस्त असला तरी तो तितरवाला. आपलं पाखरू दुसऱ्या तितरवाल्याच्या हाती देणं म्हणजे बोलायलाच नको. आई राहिली, पण साळूबाईनं गळ्यातली तुळशीची माळ पुढं केली. “जित्ता जीव मी हातानं खाऊ घालू? बिलकुल न्हाई. पाप तुझं, तूच फेड.”

शेवटी भुजंग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि बायकोशी बोलला. चांगला घटकाभर बोलला. लग्न झाल्यापासून तो एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. उधई ताजी पाहिजे, मेलेली तो तोंडात घेत न्हाई. पाणी वाटीतलं रोज बदल. मांजरीवर ध्यान ठेव. एक दिवस उपाशी राह्यला तर मोडतो, मंग जन्मात बोलत न्हाई. सोनूबाई मान खाली घालून ऐकत होती. प्रत्येक शब्द तिला मिरचीसारखा झोंबत होता, कारण त्यातला एकही तिच्यासाठी नव्हता. गाडीत बसता बसता तो पुन्हा मागं वळला, तेव्हा तिला वाटलं, आता तरी काही म्हणेल. तो म्हणाला, “नवाबाला जप.”

गाड्या गेल्या आणि ताजी उधई आणणार कोण हा पेच पडला. गडी नाहीत. परसात उधई नाही. साळूबाईनं बराच वेळ माळ ओढली आणि मग नाइलाजानं सांगितलं, “मागल्या दारानं जा. पदर खाली घे. कोणी इचारलं तर तोंड उघडू नको. अन् जल्दी ये.”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सोनूबाई पिंजरा घेऊन मागल्या दारातून बाहेर पडली. कमरेला खुरपं होतं, पण उधई आणायचा तिचा विचारच नव्हता. तिनं सगळं ठरवलं होतं. माळावर न्यायचा, दार उघडायचं आणि मेल्याला रान दाखवायचं. नवऱ्याला सांगायचं, मांजरीनं नेला. रडेल, चार दिवस जेवणार नाही, आणि मग बायको घरात आहे हे त्याला दिसेल. पाप लागेल का, हा विचार आला आणि तिनं तो झटकला. सवतीला घालवण्यात कसलं आलंय पाप?

तरवडाच्या झुडपांपाशी तिनं पिंजरा ठेवला, दार उघडलं आणि मागं सरली. “जा. तुझं रान तुले, माझा नवरा मले.”

नवाब बाहेर आला. अंग फुलवलं, मान तिरपी केली आणि तिच्याकडं पाहिलं. सोनूबाईनं खडा उचलून भिरकावला. तो खड्याकडं धावला, खाण्याचं नाही बघून परत आला आणि तिच्या पायाशी उभा राहिला. ती चालू लागली, तर मागं तुरुतुरु आवाज. ती भरभर चालली, तर तोही भरभर आला. मग तिनं लुगडं पोटरीवर घेतलं आणि धूम ठोकली. नाला उतरली, पलीकडची चढण चढली, हिवराच्या झाडापाशी धापा टाकत थांबली आणि मागं वळली, तर नवाब चढणीवर धडपडत, पंख अर्धवट पसरून येतच होता, जत्रेत आईचा हात सुटलेल्या पोरासारखा.

तिला हसू आलं. आणि हसता हसता ध्यानात आलं की पदर केव्हाच खांद्यावर आलाय, थंड वारं थेट कपाळाला लागतंय आणि आपण आठ महिन्यांनी पळालोय. चढणीवरून खाली सगळी ज्वारी पसरलेली दिसत होती. लांब उगवतीला धुरकट डोंगर होते, आणि त्यांच्याही पलीकडं कुठं तरी वऱ्हाड होतं. सोनूबाई मटकन खाली बसली आणि रडली. रडून झाल्यावर तिनं वारूळ उकरलं, उधई तळहातावर घेतली आणि म्हणाली, “ये, खा. मुडदा गेला तुझा.”

मग ती रोज जायला लागली. साळूबाई रोज ‘जल्दी ये’ म्हणायची आणि सोनूबाई रोज थोडी उशिरा यायची. येताना गालावर लाली आणि पदरात बोरं असायची. त्यातली निवडक सासूला दिली की सासूही उशिराचं विसरायची. माळावर सोनूबाई नवाबाशी बोलायची. माहेरचं बोलायची, सासूचं बोलायची आणि नवऱ्याच्या तर कागाळ्याच करायची. नवाब उधई खात ऐकायचा. तिची हाक आली की कुठूनही धावत यायचा. सवत अशी जिवाभावाची झाल्यावर सोनूबाईला वाटलं, आता आपल्याला हेवा करायला कुणी उरलंच नाही.

गाड्या परतल्या. भुजंगानं पायही धुतले नाहीत, आधी पिंजऱ्यापाशी गेला. नवाब तुकतुकीत दिसला. भुजंग बायकोकडं बघून चक्क हसला, आणि सोनूबाई दिवसभर त्या हसण्यावर तरंगत होती. दुसऱ्या पहाटे तो पिंजरा घेऊन माळावर गेला. कचरू आधीच आला होता. भुजंगानं ऐटीत दार उघडलं आणि पाठ फिरवून चालू लागला. दहा-वीस पावलं गेल्यावर त्याला कचऱ्याचं खदखदणं ऐकू आलं. वळून पाहतो तर नवाब उलट्या दिशेनं, गावाकडं, पांदीच्या वाटेनं पळत सुटलेला. भुजंग मागं धावला. पुढं तितर, मागं भुजंग, आणि त्याच्या मागं पोट धरून हसणारा कचरू, अशी ही मिरवणूक रामरावांच्या मागल्या दारात आली. सोनूबाई तिथं राख टाकायला उभी होती. नवाब तिच्या पावलांवर जाऊन बसला.

“भुजंग, तुझं तितर तर तुझ्या बायकोचं झालं की रे!” कचरू म्हणाला, आणि दिवस मावळायच्या आत ते सगळ्या गावाला माहीत झालं.

आता भुजंगाची पाळी होती. हेवा हा असा प्राणी आहे की तो घरात शिरला की कुणा एकाला चावून थांबत नाही. भुजंगानं दुप्पट उधई चारली, तिप्पट लाडीगोडी केली. नवाब त्याच्या हातून खायचा आणि खाऊन झालं की घराकडं बघायचा. स्वयंपाकघरातून सोनूबाईचा आवाज आला की पिंजऱ्यात नाचायचा. भुजंगाचं अन्नावरचं मन उडालं. “काय चारलंस त्याला?” त्यानं विचारलं.

“तुम्ही सांगितलं तेच.”

“मंग असं काहून झालं?” रागाच्या भरात त्याच्या तोंडी तिचाच शब्द आला, तेही त्याला कळलं नाही.

“मी त्याच्यासंगं बोलत होते,” सोनूबाई म्हणाली. “दुसरं कोण होतं मले बोलायला?”

चार दिवस त्यानं सहन केलं. पाचव्या दिवशी माळावरून परतला तो रिकाम्या हातानं. पिंजराही नाही आणि नवाबही नाही. सोनूबाई दारातच उभी होती. “कुठंय?”

“कचऱ्याला देऊन टाकला.”

“देऊन टाकला?”

“जे आपल्या मागं येत न्हाई ते ठेवून काय करायचं? तुझ्या मागं लागलं होतं, दिलं.”

ज्या पाखराला घालवायला ती एवढी टपली होती ते गेलं होतं. तिनं साखर वाटायला हवी होती. पण पोटातून असा काही हुंदका आला की शेजारच्या खणातून सासूनं डोकावून पाहिलं. नवाब गेला म्हणजे उधई गेली, मागलं दार गेलं, चढण गेली, वारं गेलं. आणि या माणसानं हे सगळं नुसत्या हेव्यापायी केलं. हेव्याची तिला चांगली ओळख होती, म्हणून तर फारच राग आला.

“माझ्या मागं लागलं म्हणून दिलं?” तिनं सासूसमोर, भरदिवसा, पदर न सावरता विचारलं. “अन् मी एवढे दिवस तुमच्या मागं लागले हाये, एक डाव संगं न्या म्हणून, तर मले बी देऊन टाकता का कोणाला?”

घरात असं कुणी कधी बोललं नव्हतं. साळूबाईच्या हातातली माळ थांबली. भुजंग ओसरीवर जाऊन बसला आणि खुरप्याची मूठ नखानं खरवडत राहिला. सोनूबाईनं त्याच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण तोंडातून शब्द नाही. आठवडाभर घरात भांड्यांचाच आवाज होता.

सवय कुठं जाते? बांग झाली की भुजंग उठायचा आणि नेणार काय हे आठवलं की पुन्हा बसायचा. एके पहाटे तो असाच उठला, खुरपं न घेता, आणि मागलं दार उघडून उभा राहिला. सोनूबाई चूल पेटवत होती. तो गेला नाही आणि परतही फिरला नाही. शेवटी घसा खाकरून म्हणाला, “चल.”

तिला वाटलं, म्हशीला म्हणतो.

“अगं चल म्हणतोय ना? का हात धरून नेऊ?”

सोनूबाई उठली. हाताची राख पुसायचंही भान राहिलं नाही. पण परसात साळूबाई तुळशीला पाणी घालत होती, आणि दोघंही चोर सापडल्यासारखी थबकली. साळूबाईनं मुलाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. आता रीत निघणार, असं सोनूबाईला वाटलं. साळूबाई तांब्या खाली ठेवून म्हणाली, “मी ह्या दारातून तीस वर्सांत म्हशीमागंच काय ती गेल्ते. तुझ्या बापानं न्हाई कधी म्हटलं, चल.” आवाजात राग नव्हता. सोनूबाईनं तो आवाज ओळखला, आयुष्यभर तिनं तोच तर काढला होता. “जा. अन् पदर घे गं डोक्यावर, गारठा हाये.”

भुजंग पुढं आणि सोनूबाई मागं, रीतीप्रमाणं चांगलं अंतर ठेवून. माळावर उजाडत होतं. तरवडांपाशी कचरू होता आणि त्याच्या हातात नवाबाचा पिंजरा. ही दोघं दिसताच तो थोडा ओशाळला, पण दार उघडलं. नवाब बाहेर आला. भुजंग थांबला. सोनूबाईही थांबली. दोघांनाही मनातून एकच खात्री होती, की आता तो आपल्याकडं धावणार.

“नवाबा!” भुजंगानं हाक मारली.

“ये रे, ये,” सोनूबाई म्हणाली.

नवाबानं मान तिरपी करून एकदा पाहिलं. मग कचऱ्यानं खिशातून मूठभर उधई काढली आणि तो नाल्याकडं चालू लागला, आणि नवाब त्याच्या टाचेमागं तुरुतुरु निघून गेला. ना भुजंगाकडं वळला, ना तिच्याकडं.

भुजंगाच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. सोनूबाईनं ओठ दाबून धरले होते. तिनं त्याच्याकडं चोरून पाहिलं आणि त्याच्या तोंडावर जे दिसलं ते तिला इतकं घरचं वाटलं की आठवडाभराचा अबोला सुटला.

“असतील शितं तर जमतील भुतं,” ती म्हणाली. “दुसरं काय?”

“मी पिल्लापासून वाढवला गं त्याला.”

“अन् मी त्याला माहेरचं सारं सांगितलं होतं. आईलाही सांगितलं नसंल असं.”

“कचऱ्याचं कसं ऐकतंय बघ.”

“जळो मेलं,” सोनूबाई म्हणाली, आणि दोघं मिळून कचऱ्याच्या पाठीकडं जळजळीत बघत राहिली.

मग भुजंग हिवराच्या चढणीकडं चालू लागला. सोनूबाई सवयीनं मागं राहिली, तो दहा पावलं जाईपर्यंत थांबली आणि मग निघाली. तो थांबला. ती थांबली. तो वळून उभा राहिला, नाल्याकडं एक नजर टाकली आणि कुरकुरत म्हणाला,

“मागून चालू नको. मागून येणाराचा मला आता भरवसा वाटत न्हाई. अशी बराबर ये, दिसशील अशी.”

सोनूबाई पुढं आली आणि त्याच्या शेजारून चढण चढू लागली.